मोठा जल्लोष

मटाराची शेंग अर्धी उघडून तिचा अंगठा तिथेच थांबला. टीव्हीवर फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष चषक द्यायला मंचावर चढत होते, मैदानातून टाळ्यांचा आणि ओरडण्याचा मोठा लोंढा उसळला होता, आणि त्या लोंढ्यातून एक शिट्टी वर आली. लांब, मग पुन्हा लांब, मग तुटकी. शिवता शिवता दोरा दातांनी तोडावा तशी. तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि ही शिट्टी त्याची होती. तिने मान वर केली. पडद्यावर अध्यक्ष हात हलवत होते, मागे झेंडे दिसत होते, जिंकलेल्या संघातल्या मुली मात्र दिसत नव्हत्या. तेवढ्यात सूनबाईने स्वयंपाकघरात मिक्सर लावला, त्या घरघरीत मैदान बुडून गेलं, आणि मिक्सर थांबला तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. सोफ्यावर बसलेला बाळू, म्हणजे तिचा मुलगा, केस पिकलेला आणि चष्मा कपाळावर सरकवलेला, म्हणाला, "बघ, केवढ्या टाळ्या! आणि आपली पोरगी म्हणत होती, लोक चिडलेत म्हणून." तिने शेंगेतले दाणे भांड्यात टाकले. त्यातला एक गडगडत सोफ्याखाली गेला. तो काढायला वाकावं की नाही, याचा ती उगाच बराच वेळ विचार करत बसली.

कानांवर तिचा आता भरवसा नव्हता. सारं आयुष्य कानांवर काढलं, आणि शेवटी त्यांनीच दगा दिला. डाव्या कानात ते छोटं यंत्र, उजव्यात नुसती गुणगुण. गेल्या महिन्यात दोनदा ती दार उघडायला गेली होती आणि बाहेर कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "आजी, कान रिकामे झाले की मेंदू घरातलं जुनं सामान काढून तिथे मांडतो." तिला ते तेव्हा फार आवडलं होतं. आता आवडेना. शिट्टी खरी होती की घरातलं जुनं सामान? कोणाला विचारायचं? सुनेने ऐकलेली नाही, कारण मिक्सर. बाळूने ऐकली असेल तर तो शांत कसा? पण तो तेव्हा हातातल्या मोबाइलवर बोटं फिरवत होता, आणि मोबाइल हातात असला की त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो 'हं' एवढंच म्हणतो. आणि विचारलं असतं तर? "आई, यंत्राची बॅटरी बदल," एवढंच उत्तर आलं असतं, तेही प्रेमाने. प्रेमाने बोललेलं तर जास्तच लागतं.

ती शिट्टी तिने स्वतः टेपवर घेतली होती. प्रसारण केंद्रात ती ध्वनिमुद्रक होती. त्या खात्यात एकटीच बाई. सामना असला की गाडीतून वायरींची भेंडोळी उतरवायची, मैदानाच्या चार कोपऱ्यांत मायक्रोफोन उभे करायचे आणि मग पत्र्याच्या खोलीत बसून फेडरवर बोटं ठेवायची. फेडर म्हणजे आवाजाची सरकपट्टी: वर सरकवली की मैदान घरात येतं, खाली ओढली की मैदान मैदानात परत जातं. तिचे साहेब, जाड भिंगांचे, सतत बडीशेप चघळणारे, शिकवायचे, "बाई, आवाज कधी तोडायचा नाही. हळूहळू उतरवायचा. तोडला की ऐकणाऱ्याला कळतं, उतरवला की कळत नाही." हे त्यांनी कलेचा नियम म्हणून शिकवलं होतं आणि तिने कलेचा नियम म्हणून घेतलं होतं. त्याच वाक्यात राज्य चालवायची सगळी विद्या भरलेली आहे, हे तिला फार उशिरा समजलं. वरच्या मजल्यावरून फोन यायचा तोही कधी 'बंद करा' असा यायचा नाही. "प्रेक्षक जरा जास्त वाटताहेत हो," असा यायचा. साहेब तिच्याकडे न बघता बोटाने खूण करायचे, आणि खुर्च्या फेकणारं, शिव्या देणारं मैदान घरोघरी पोचेपर्यंत लांबच्या ओढ्यासारखं सौम्य होऊन जायचं. पण त्या काळी एवढंच. आवाज खाली घ्यायचे. त्याच्या जागी दुसरा घालायचे नाहीत. म्हणजे उपाशी ठेवायचे, पण विष घालायचे नाहीत. यात फरक आहे की नाही? ती कितीदा स्वतःशी वाद घालायची. एकदा जिंकायची, एकदा हरायची, आणि पंच कोणीच नसायचं.

आणि ती टेप. थंडीतली दुपार होती, शहराचा संघ अंतिम सामना जिंकला होता, आणि लोक खरोखरच, कोणी न सांगता, वेडे झाले होते. स्वस्तातल्या उघड्या पायऱ्यांच्या टोकाला तिने एक मायक्रोफोन लावला होता, आणि त्याच्या जवळच नवरा बसला होता. तो छापखान्यात जुळारी होता. दिवसभर शिशाचे खिळे वेचून त्याची बोटं राखाडी झालेली असायची, आणि तीच बोटं जिभेखाली घालून तो शिट्टी मारायचा. "अहो, शिसं पोटात जातंय," ती ओरडायची. तो म्हणायचा, "जाऊ दे, आतून छापला जाईन." त्या दुपारी लहानगा बाळू गर्दीतून निसटून कुंपणाखालून थेट मैदानात शिरला होता, गोलच्या जाळीला हात लावायला. नवऱ्याने शिट्टी मारली ती त्याला बोलवायला. रोज संध्याकाळी गच्चीवरून मारायचा तीच. ती ऐकली की पोरगा असेल तिथून, हातातली गोटी टाकून, 'आलो, अण्णा!' असं ओरडत धावत सुटायचा. साहेबांना तो जल्लोष इतका आवडला की त्यांनी तो कापून वेगळा ठेवला. तार तुटली किंवा मायक्रोफोन बंद पडला तर वेळेला असावा म्हणून. तिने विचारलं होतं, "ती शिट्टी पुसू का?" ते म्हणाले होते, "छे, छे. तिच्यामुळेच खरं वाटतं." डब्यावर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: मोठा जल्लोष. निवृत्त होताना तो डबा घरी न्यावा असं फार मनात आलं होतं. सरकारी वस्तू. राहिली तिथेच. पुढे नवरा गेला, आणि त्याचे फोटो पुष्कळ होते पण आवाज कुठेच नव्हता. एवढी आवाजाची बाई, आणि घरच्या माणसाचा आवाज कधी धरून ठेवला नाही.

भिंगरी घरी आली तेव्हा पानं वाढली होती. भिंगरी म्हणजे बाळूची मुलगी, संघाची राखीव गोलरक्षक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. गळ्यात पदक होतं आणि घशातून आवाज फुटत नव्हता. "काय गं, जिंकलात आणि चेहरा असा?" सूनबाई म्हणाली. भिंगरी पाणी प्यायली आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? अख्खं मैदान हुर्यो उडवत होतं. अध्यक्ष माइकवर बोलायला लागले तर त्यांचा शब्द आम्हालाच ऐकू येईना, आणि आम्ही शेजारी उभ्या होतो. लोक 'लवंगी, लवंगी' ओरडत होते. आम्ही सगळ्यांनी हात मागे बांधले. एकीनेही त्यांच्याशी हात मिळवला नाही."

लवंगी त्यांच्याच संघातली. उजव्या बगलेला खेळायची, एवढीशी, पण उडाली की कानठळ्या. उन्हाळ्याच्या शिबिरात भर दुपारी पळता पळता कोसळली. प्रशिक्षक म्हणाले, नाटक करते आहे. मग रुग्णवाहिका शोधली, तर ती अध्यक्षांच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गेलेली. रुग्णवाहिका! तिच्यात म्हणे थंड हवेचं यंत्र चांगलं होतं. पोर गेली. अध्यक्ष म्हणाले, खेळ म्हटला की दुखापत आलीच. चौकशी समिती नेमली, तिचे प्रमुख अध्यक्षांचे व्याही. या माणसाने आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. त्याच्या आधी त्याचे सासरे अध्यक्ष होते आणि त्यांनीही लावला नव्हता. आणि कोणी विचारलं की दोघांचं उत्तर एकच: खेळात राजकारण आणू नका. म्हातारीला वाटायचं, हे म्हणजे विहिरीत बसलेल्या बेडकाने सांगायचं की पाण्यात कोणी उतरू नका. गोल हुकला तर पोरीला बाकावर बसवतात, चुकीची ढकलाढकल केली तर लाल कार्ड दाखवतात, साऱ्या जगासमोर, त्या क्षणी. आणि वरच्या खुर्चीतल्या माणसाला कार्ड दाखवायचं कोणी? एकच पंच उरतो, पायऱ्यांवर बसलेला, तिकीट काढून आलेला. आणि त्याची शिट्टी...

"हुर्यो?" बाळू म्हणाला. "अगं, मी स्वतः ऐकलंय. टाळ्या पडत होत्या. आईपण होती इथे. काय गं आई?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या तोंडात घास होता. तिने तो पुष्कळ वेळ चावला. "टाळ्या होत्या," ती म्हणाली. हे खरंच होतं; टाळ्या होत्याच. भिंगरीने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर घेऊन ती अंथरुणावर पडली, आणि कूस बदलली की नजरही कूस बदलायची. यंत्र काढून डबीत ठेवलं होतं, तरी शिट्टी येत राहिली. लांब, लांब, तुटकी. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण या सगळ्यात, लवंगीपेक्षा, भिंगरीपेक्षा, तिला एकच हवं होतं: ती शिट्टी पुन्हा एकदा ऐकायची होती.

सकाळी प्रशिक्षकांचा फोन आला. बाळूने उभं राहून घेतला, जणू ते समोर आहेत. मैदानाबाहेर भिंगरी एका बातमीदाराशी बोलली होती, आणि ते छापून आलं होतं. संघटनेचं म्हणणं होतं की अशी हुर्यो झालीच नाही, सगळ्या देशाने टाळ्या ऐकल्या आहेत, एका मुलीने प्रसिद्धीसाठी अफवा पसरवली. आज दुपारी संघटनेच्या कचेरीत कॅमेरे येणार आहेत. तिने यावं आणि दोन वाक्यं बोलावीत: मी गडबडले होते, चुकून बोलले. मग परदेशाच्या दौऱ्यातलं तिचं नाव कायम. नाहीतर... प्रशिक्षक फार सज्जनपणे बोलत असावेत, कारण बाळू सारखा "हो सर, तुमचे उपकार आहेत सर" म्हणत होता. तो काही वाईट माणूस नव्हता, तिचाच मुलगा होता. विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांवर कोसळू शकणाऱ्या संकटांची कलमं वाचून त्याच्या मनात घर धरून बसलेली एक भीती होती, एवढंच.

"दोन वाक्यं," तो फोन ठेवून म्हणाला. "दोन वाक्यांनी कोणाचं काय जातं? चार वर्षं पहाटे उठून मी तुला मैदानावर सोडलंय, ते काय यासाठी?"

"पण बाबा, झाली होती हुर्यो."

"तू मैदानात होतीस. मैदानात माणसाला कळत नाही. टीव्हीवर सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवू की तुझ्या?"

"माझ्यांवर ठेवा की. माझे नवीन आहेत," भिंगरी म्हणाली. एरवी यावर सगळे हसले असते. सूनबाई नुसती म्हणाली, "आधी चहा घे, मध घातलाय. घसा बघ कसा झालाय." मग तीही थबकली. टाळ्या वाजवून घसा बसत नाही, हे तिच्याही ध्यानात आलं असावं. पण तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ओट्याकडे वळली.

मग भिंगरी आजीच्या खुर्चीशी येऊन जमिनीवर बसली, गुडघे छातीशी घेऊन. गुडघ्यांवर जुन्या खरचटण्याच्या खुणा, नव्या खरचटण्याच्या खुणा. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, कदाचित आमच्या आजूबाजूचेच ओरडत असतील. तेवढेच. मला वाटलं अख्खं मैदान. मी सकाळपासून आठवते आहे, पण आता आठवलं की टीव्हीतलंच ऐकू येतं. रात्री मोबाइलवर सगळ्यांनी तेच पाठवलं होतं. माझंच मला ऐकू येईनासं झालंय."

म्हातारीच्या कानांचं ठीक आहे, ते गेलेच आहेत. पण ही अजून विशीत नाही. हिच्या डोक्यातला काल कोणीतरी रात्रीत पुसून त्यावर दुसराच भरून ठेवला, आणि भरला तो काय, तर तिचाच. तिने चिठ्ठी चिकटवलेला, तिने तारा ओढून गोळा केलेला, एका थंडीतल्या दुपारचा खराखुरा आनंद. चोराने घर फोडलं असतं तरी चाललं असतं. त्याने तिच्या नवऱ्याला उठवून त्या मंचासमोर टाळ्या पिटायला उभं केलं होतं. जो माणूस छापखान्याच्या मालकाला उठून नमस्कार करायचा नाही, त्याला. जुळारी ताठ राहिला तरच ओळी सरळ छापल्या जातात, अशी त्याची समजूत होती. आणि तरीही तिला खात्री नव्हती. डॉक्टरांचं ते सामान. समजा ती म्हणाली की ही जुनी टेप आहे, आणि नसली तर? मग म्हातारीच्या भ्रमावर पोरीचा दौरा गेला. कोणीतरी दुसऱ्याने ऐकायला हवी होती ती शिट्टी. न सांगता. सांगून ऐकवली तर माणसाला हवं ते ऐकू येतं. हे तिला फेडरने शिकवलं होतं.

"टीव्ही लाव," ती म्हणाली. "कालचं परत दाखवणार होते ना?"

"आई, आता कशाला? मला तयार व्हायचंय," बाळू आतून ओरडला. तो आतल्या खोलीत कपाट उघडून उभा होता. कॅमेरे असणार म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट काढला होता, जसा काही त्यालाच बोलायचं होतं. भिंगरीने टीव्ही लावला. शेवटची मिनिटं चालू होती. हे खरं मैदान होतं. ती लगेच ओळखू शकली: सैल, वेडंवाकडं, मधेच रिकामं, कोणी खोकतंय, कोणी पाणीवाल्याला हाक मारतंय. मग सामना संपला, मुली एकमेकींवर पडल्या. तिने रिमोट मागून घेतला आणि आवाज वाढवला. आणखी वाढवला. "आई, शेजारी काय म्हणतील!" सूनबाई म्हणाली. मंचाच्या पायऱ्या आल्या, अध्यक्षांचे पांढरे बूट आले, आणि तिने श्वास धरला. खरं मैदान हळूच उतरलं. किती सफाईने उतरवलं! साहेब असते तर पाठ थोपटली असती. आणि त्या खाली गेलेल्या आवाजावर दुसरा चढला: घट्ट, गोल, थंडीतला. लोक पूर्वी वेगळं ओरडायचे. तोंड जास्त उघडायचे. आता येईल. आता.

लांब. लांब. तुटकी.

"आलो, अण्णा!"

आवाज आतल्या खोलीतून आला होता. घाईचा, धापा टाकणारा, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या घशातून निघालेला एका पोराचा आवाज. मागोमाग कपाटाचं दार आपटलं आणि बाळू दारात येऊन उभा राहिला. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, शर्टाची बटणं उघडी. तो कुठे निघाला होता, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने गॅलरीकडे पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे, मग टीव्हीकडे.

"बाबा? कोणाला 'आलो' म्हणालात?" भिंगरी म्हणाली.

पडद्यावर अध्यक्ष हात हलवत होते, दोन्ही हात, समोर सगळे गप्प ऐकत बसले असले की भाषण करणारा हसतो तसे हसत. जल्लोष लांबवायचा म्हणून तोच तुकडा पुन्हा जोडला होता, आणि शिट्टी पुन्हा आली, तशीच, त्याच जागी, तितकीच तुटकी. या वेळी बाळूचे खांदे हलले. त्याने आईकडे पाहिलं. तिच्याकडे कित्येक वर्षांत त्याने असं पाहिलं नव्हतं. लहानपणी हातून काहीतरी फुटलं की पाहायचा तसं.

"ही कधीची गं?" तो म्हणाला.

"तू कुंपणाखालून आत गेला होतास, जाळीला हात लावायला," ती म्हणाली. "विसरलास?"

"अण्णांनी कान पिळला होता."

"मग खांद्यावर घेतलं होतं."

तो सोफ्याच्या कडेवर बसला. हातातल्या मोज्याकडे बघत राहिला, मग पायातला मोजा काढून दोन्हींची गुंडाळी केली. "म्हणजे काल," तो म्हणाला आणि थांबला. "म्हणजे काल मैदानात जे होतं, ते..." आणि पुन्हा थांबला. भिंगरी त्याच्याकडे बघत नव्हती. ती टीव्हीकडेही बघत नव्हती. डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ काहीतरी जुळवत होते, जणू दूरचं काहीतरी तिला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं.

फोन वाजला. प्रशिक्षकच असणार, निघालात का, म्हणून विचारायला. बाळूने तो उचलला, पण कानाला लावला नाही. हातात धरून उभा राहिला. पलीकडून बारीक "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. मग त्याने हात लांब केला, मुलीकडे. भीती काही एका सकाळीत घर सोडून जात नाही. "तू बोल," तो म्हणाला. "काल तू होतीस तिथे."

भिंगरीने फोन घेतला. "सर," ती म्हणाली, आणि पुढचं काही ऐकूच येईना. तिचा आवाज कालच्या मैदानात संपला होता. उरली होती एक घोगरी रेघ, आणि खोलीभर जल्लोष भरून राहिला होता, मोठा, गोल, घट्ट, आजीने आयुष्यात धरलेला सगळ्यात सुंदर आवाज. अजून एकदा तो तुकडा फिरून यायचा होता. अजून एकदा लांब, लांब. म्हातारीला ते ठाऊक होतं. तिचं बोट रिमोटवर होतं आणि ते बोट थांबायला बघत होतं. हळूहळू उतरवावा, शिट्टी येईपर्यंत तरी. साहेबांनी शिकवलं होतं, तोडायचा नाही, तोडला की ऐकणाऱ्याला कळतं.

तिने तो तोडला. मधेच, कात्रीने कापावा तसा. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून मुके झाले, आणि त्या शांततेत नातीचा फाटका आवाज खोलीच्या मध्यभागी येऊन उभा राहिला.

"हुर्यो झाली होती, सर," भिंगरी म्हणत होती. "मी ऐकली. तुम्हीही ऐकलीत."